डाव्या हाताची सही

"अर्ज मागे घेतलाय तुमच्या मिस्टरांनी," निवृत्तिवेतन मंडळाच्या खिडकीमागचा कारकून म्हणाला आणि तिच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे पाहायला लागला.

ती जागची हलली नाही. ती आली होती तपासणीची तारीख विचारायला.

"कुणी मागे घेतला?"

"अर्जदाराने. दुसरं कोण घेणार?" त्याने फाईल उलटी फिरवून काचेखालून सरकवली. "ही बघा सही. तुमचेच ना ते, छापखान्यातले कटर?"

तिचेच होते. सरकारी छापखान्यात चौदा वर्षं कागद कापायच्या मशीनवर काम केलेला तिचा नवरा. साडेदहा महिन्यांपूर्वी त्याच मशीनच्या पात्याखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. तेव्हापासून अपंगत्व निवृत्तीचा अर्ज हा त्यांच्या चौघांच्या घरातला पाचवा माणूस झाला होता. त्याची तब्येत रोज विचारली जायची.

पत्र चार ओळींचं होतं, छापील. माझी प्रकृती सुधारत आहे, मला हलक्या कामावर परत यायचं आहे, तरी माझा अर्ज रद्द समजावा. खाली सही.

"हे आलं कसं?"

"पोस्टाने. तीन तारखेचं आहे."

"आम्हाला कळवलं का नाही?"

"हरकतीचे पंधरा दिवस असतात. ते संपले की कळवतो."

"हरकतीचे दिवस संपल्यावर हरकत घ्यायला कळवता?"

"नियम मी केला नाही, ताई."

आज पंधरा तारीख. म्हणजे अठरापर्यंत लेखी हरकत नोंदवली तर नोंदवली. त्यानंतर फाईल बंद. नवा अर्ज अपघातापासून वर्षाच्या आत करायचा, पण एकदा मागे घेतलेला अर्ज पुन्हा करता येत नाही, हे कारकुनाने तिला न विचारताच सांगितलं. आणि निवृत्तीही नाही आणि कामावरही नाही अशा माणसाला छापखाना किती दिवस हजेरीपटावर ठेवतो, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने आवाज चढवला नाही. पत्राची झेरॉक्स मागितली, पोच दिली आणि बाहेर पायऱ्यांवर येऊन उभी राहिली.

सही नवऱ्याची होती. निदान दिसत तरी तशीच होती. डाव्या हाताची, उताराला लागलेली, अक्षरं एकमेकांपासून फटकून बसलेली. खाली एक आडवी रेघ. आणि त्या रेघेखाली दोन छोटे उभे फराटे.

तीन तारीख तिला चांगली आठवत होती. त्या दिवशी नवरा अपघातानंतर पहिल्यांदाच एकटा बाहेर पडला होता. चक्कर मारून येतो म्हणाला आणि तीन तासांनी आला. आल्यावर जेवला नाही. तिनेही काही विचारलं नाही. तेव्हा तिला ते शहाणपण वाटलं होतं.

*

घरात शिरताना तिने झेरॉक्स पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली. आधी बघायचं, मग बोलायचं, हे तिने मूल झाल्यावर शिकून घेतलं होतं. ताप आहे की नाही हे रडणाऱ्याला विचारून कळत नाही.

सासरे, म्हणजे अण्णा, खिडकीशी बुद्धिबळाचा पट मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते. त्याच छापखान्यात त्यांनी आयुष्यभर अक्षरांचे खिळे जुळवले, मुलालाही तिथेच चिकटवलं. अपंग हा शब्द ते तोंडातून काढत नसत. अर्जाला 'ते तुमचं प्रकरण' म्हणत. हलकं काम घ्यावं, खुर्चीवर बसावं, पण हजेरीपटावर नाव राहावं, हे त्यांचं रोजचं तुणतुणं होतं.

हलकं काम. पत्रातही तेच दोन शब्द होते.

अण्णांकडे घरातल्या सगळ्या कागदांची किल्ली होती. आणि पोस्टाची पेटी त्यांच्या रोजच्या फेरीच्या वाटेवर.

स्वतःच्या मनात आलेल्या या विचाराची तिला लाज वाटली. पण विचार गेला नाही.

"काय म्हणाले?" अण्णांनी विचारलं.

"तारीख अजून पडली नाही," ती म्हणाली. खोटंही नव्हतं.

आतल्या खोलीत नवरा आणि साडेचार वर्षांची बिट्टी एकाच दुरेघी वहीवर वाकले होते. गेले आठ महिने हे असंच चालू होतं. डाव्या पानावर बाप सही गिरवायचा, उजव्या पानावर लेक मुळाक्षरं. बिट्टी त्याला मार्क द्यायची. तिच्या मते बाबा अजून छोट्या गटात होता.

कपाटाच्या दारावर बिट्टीची चित्रं चिकटवलेली होती. पाठकोरा कागद हाताला लागला की बिट्टी त्यावर काहीतरी काढायचीच: औषधाच्या चिठ्ठ्या, जुनी बिलं, आणखी कसले कसले कागद. आणि आई म्हणून ती प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तारीख आणि बिट्टीचं वय लिहायची. मूल कधी कसं होतं हे पुढे आठवत नाही, याची तिला भीती होती.

दारावर एका जागी चित्र नव्हतं, नुसते चिकटपट्टीचे चार तुकडे होते. तिथलं शिडीचं चित्र छापखान्याच्या मुकादमांनी नेलं होतं.

मुकादम हा अण्णांनी हाताखाली घेऊन तयार केलेला माणूस. अपघात झाला तेव्हा त्यानेच नवऱ्याला उचलून गाडीत घातलं, त्यानेच हॉस्पिटलात पहिले तीन दिवस काढले. दर रविवारी यायचा, बिट्टीला बिस्किटं आणायचा, अण्णांकडून मुद्दाम एक डाव हरायचा. त्याचंही म्हणणं तेच. कशाला चौकशीच्या भानगडीत पडता, मशीन आणि कागद तपासायला लोक येतील, पात्यापुढची सुरक्षेची जाळी त्याने स्वतःच उघडली हे पक्कं होईल, मग हातचं आहे तेही जाईल. दोन महिन्यांपूर्वी, तपासणी होणार असं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या रविवारी, कपाटासमोर उभा राहून तो म्हणाला होता, "सूनबाई, ही गुलाबी कागदावरची शिडी मला पाहिजे. माझ्या छापखान्यातल्या कपाटाला लावतो. शिडीशिवाय मुकादम वर कसा चढणार?"

बिट्टी खूश होऊन नाचली होती. चित्रं वाटायला तिला आवडायचं. हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंना मांजर, स्टोअरवाल्या आजोबांना फुगा, मुकादमकाकांना शिडी.

*

बिट्टी झोपल्यावर भर दुपारी तिने झेरॉक्स नवऱ्यासमोर ठेवली.

त्याने सहीवरून डावा अंगठा फिरवला.

"माझीच दिसते," तो म्हणाला.

"दिसते की आहे?"

"मला काय विचारतेस? मशीनची जाळी कुणी उघडली तेही मला आठवत नाही. सगळे म्हणतात मी उघडली, तर उघडली असेन."

"तीन तारखेला कुठे गेला होतास?"

"चक्कर मारायला."

"तीन तास?"

त्याने बोटं नसलेला हात टेबलाखाली घेतला.

तेवढ्यावर दुसरी कुणी भांडली असती, नाहीतर रडली असती. तिने दुरेघी वही घेतली आणि पहिल्या पानापासून उलटायला सुरुवात केली.

पानापानावर तिनेच तारीख घातली होती. पहिल्या पानांवरच्या सह्या म्हणजे नुसती घसरगुंडी होती. अक्षरं सुटी, खाली एक रेघ. उजव्या हाताने सही करतानाची ती रेघ, जुनी सवय. चौथ्या महिन्यात रेघ अचानक नाहीशी झाली होती. का, तेही तिला आठवलं. व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं होतं, डाव्या हाताने रेघ ओढली की तळव्याची कड ओल्या शाईवरून जाते, सगळं फरफटतं. रेघ सोडा, कागद तिरपा धरा. त्या तारखेनंतरच्या एकाही सहीखाली रेघ नव्हती. अर्ज भरला सहाव्या महिन्यात, त्यावरही नव्हती. आणि आताच्या सह्या तर सरळ, आवळून बांधलेल्या, जवळजवळ मोठ्या माणसाच्या होत्या.

बिट्टीच्या चित्रांसारखंच होतं ते. सहीकडे बघून ती कुठल्या महिन्यातली हे सांगता येत होतं.

पत्र या महिन्यातलं. सही तिसऱ्या महिन्याच्या आसपासची.

की त्यानेच मुद्दाम जुन्या वळणाची केली, उद्या नाकबूल करता यावं म्हणून? माणूस खचला की काय काय करतो. तिने वही मिटली. संशयाचं असं असतं, एकदा दार उघडलं की तो पादत्राणं काढायलाही थांबत नाही.

मग ते दोन फराटे. वहीत सहाशे तरी सह्या असतील. रेघेखाली फराटे एकीलाही नव्हते.

ती दूध तापवायला उठली. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर बिट्टीने सकाळीच एक मासा चिकटवला होता, विजेच्या बिलाच्या पाठीवर काढलेला. उन्हं काचेवर आली होती. माशाच्या पोटातून बिलाचे आकडे आरपार दिसत होते. शेपटीचा एक फराटा आणि छापलेली एक रेघ अशी काही मिसळली होती, की कुठली पुढची आणि कुठली मागची ते कळेना.

दूध उतू गेलं. तिला ते गॅस विझल्यावर कळलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हरकतीचा अर्ज दिला. त्यात दोन वाक्यं तिने तीनदा लिहून खोडली होती आणि चौथ्यांदा ठेवली होती. तिथून ती तडक छापखान्यात गेली. मुकादमांकडे नाही, स्टोअरवाल्यांकडे.

स्टोअरवाले म्हणजे वाळलेल्या चेहऱ्याचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. गजांच्या खिडकीमागे बसायचे. पाना असो की खिळा, सहीशिवाय कुणाला काही मिळत नसे. अपघातानंतर तिसऱ्या महिन्यात ते नवऱ्याच्या कपाटातलं सामान पिशवीत घालून घरी आले होते. पाणीसुद्धा न पिता बसले, हत्यारांची पावती पुढे केली, नवऱ्याकडून सही घेतली, कार्बनची गुलाबी प्रत टेबलावर ठेवली आणि निघाले. जाताना बिट्टीने त्यांना फुगा दिला, तोही त्यांनी घडी घालून खिशात टाकला, हसले नाहीत. तो गुलाबी कागद कुणी वाचलाच नाही. तिने स्वतःच्या हाताने तो बिट्टीला चित्र काढायला दिला होता.

"त्या पावतीची मूळ प्रत कुठे असते?"

"तारेवर."

त्यांच्या मागे भिंतीला लोखंडी तारा टांगलेल्या होत्या आणि प्रत्येकीत शेकडो कागद ओवलेले.

"दाखवाल?"

"कागद तारेवरून खाली उतरत नाही."

"मग तार खाली उतरवा."

त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. असं कुणी आजवर सुचवलं नसावं. मग उठले, अख्खी तार उतरवली आणि गजांपाशी धरून हवा तो कागद वर केला.

सही रेघेची. रेघेखाली काही नाही. फराटे नाहीत. वर सात हत्यारांची यादी, आणि प्रत्येकापुढे 'मिळाले' अशी खूण. सातव्या ओळीत, जाळीची किल्ली, तिथे मात्र खूण नव्हती. 'नाही' असं लिहिलं होतं आणि पुढे बारीक अक्षरात एक शेरा होता. तिने तो दोनदा वाचला आणि गज घट्ट धरला.

"हे तुम्ही साहेबांना सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाही."

"अपघाताला साडेदहा महिने झाले."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

तिला संताप आला. पण या माणसाशी भांडून उपयोग नव्हता. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता, कागदाच्या बाजूचा होता.

"माझ्याआधी ही पावती कुणी बघायला मागितली?"

"एकाने मागितली. दोन महिन्यांपूर्वी. तार उतरवा म्हणाला नाही, कागद द्या म्हणाला. नाही दिला."

"कोण?"

त्यांनी आतल्या मशीनच्या धडधडीकडे एकदा मान वळवली. "मंडळाने लेखी विचारलं तर लेखी सांगेन," ते म्हणाले आणि तार जागेवर टांगली.

*

अठरा तारखेला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, मंडळाच्या तपासनीस बाईंनी सगळ्यांना बोलावलं. पहिल्या मजल्यावरची खोली, एक मोठी खिडकी, टेबलावर फाईल. नवरा आणि ती एका बाजूला. अण्णा भिंतीशी. स्टोअरवाले मांडीवर मोठी पिशवी घेऊन बसले होते. पिशवीतून तारेचा आकडा बाहेर आला होता. मुकादम अपघाताचा अहवाल लिहिणारा म्हणून आला होता. येताना अण्णांचा हात धरून त्यानेच त्यांना जिना चढवला.

बाईंनी आधी नवऱ्याला विचारलं.

"हे पत्र तुम्ही लिहिलं?"

"नाही."

"सही तुमची?"

"माझ्यासारखी आहे."

"तीन तारखेला तुम्ही कुठे होतात?"

ती त्याच्याकडे न बघता खिडकीकडे बघत राहिली. या उत्तराची तिलाही खात्री नव्हती.

"छापखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होतो," तो म्हणाला. "तिथे मशीनचा आवाज येतो. म्हटलं आवाज ऐकून तरी आठवतंय का बघू. जाळी मी उघडली की नाही ते." मग म्हणाला, "नाही आठवलं."

मुकादमाने हळहळून मान हलवली. बाईंनी त्याला विचारलं, अहवाल तुमचाच ना. तो म्हणाला, होय, वाईट वाटतं पण खरं ते लिहावं लागतं. पोराने अडकलेला कागद काढायला स्वतःच्या किल्लीने जाळी उघडली. माणूस भला, चूक एका क्षणाची. अर्ज मागे घेतला हे एका अर्थी बरंच झालं, मी त्याला हलकं काम द्यायला तयार आहे.

"मी एक विचारू?" ती म्हणाली. बाईंनी मान हलवली.

"मुकादम, बिट्टी रोज विचारते. तिची शिडी अजून आहे ना तुमच्या कपाटावर?"

"आहे की," तो हसला. "कालपर्यंत बघितली. रोज नमस्कार करतो तिला."

"तीच, गुलाबी कागदावरची? दोन महिने तुमच्याकडेच आहे?"

"तीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देतो होय."

हसू ओठांवर होतं तसंच राहिलं, पण डोळे स्टोअरवाल्यांच्या पिशवीकडे गेले.

स्टोअरवाल्यांनी पिशवीतून आधी तार काढली, मग मंडळाचं लेखी पत्र, मग घडी न घातलेला एक गुलाबी कागद. "कपाट स्टोअरच्या मालकीचं आहे," ते बाईंना म्हणाले. "त्यावर लावलेलं सामान, यांच्या हरकतीवरून आलेल्या मंडळाच्या मागणीप्रमाणे, आज सकाळी ताब्यात घेतलं. पोच लागेल."

बाईंनी कागद हातात घेतला. काळ्या रंगाच्या खडूने दाबून काढलेली शिडी, आठ पायऱ्या, तळाशी दोन पाय. कोपऱ्यात तारीख आणि 'वय तीन वर्षं अकरा महिने'.

"याचा संबंध?" त्यांनी तिला विचारलं.

आणि मग ती बोलली.

"बाई, ही सही कुणीतरी गिरवलेली आहे. कुणी, ते सहीच सांगते. माझा नवरा डाव्या हाताने लिहायला लेकराबरोबर शिकला. लेकराचं अक्षर दर महिन्याला बदलतं, तसं त्याचं बदललं. ही वही बघा, मी पानापानावर तारीख घातली आहे. सहीखाली रेघ तो फक्त सुरुवातीला ओढायचा, नंतर सोडली. पत्र या महिन्यातलं, सही जुनी. म्हणजे गिरवणाऱ्याकडे जुनाच नमुना होता. तुमच्या कचेरीतल्या कुणी केलं असतं, तर त्याच्यापुढे अर्जावरची सही होती, बिनरेघेची. त्याने ती उचलली असती."

"मग जुना नमुना कुठे होता?"

"जुन्या वळणाची सही त्याने घराबाहेरच्या एकाच कागदावर केली. हत्यारांच्या पावतीवर. तिच्या दोन प्रती. मूळ प्रत यांच्या तारेवर. तिच्यात रेघ आहे, पण रेघेखालचे हे दोन फराटे नाहीत. म्हणजे यांच्याकडून गेली नाही. वहीतल्या एकाही सहीला फराटे नाहीत. म्हणजे घरच्या वहीवरूनही गिरवली नाही."

अण्णांनी मान वर केली. आपल्यावरही संशय होता हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं असावं.

"राहिली दुसरी प्रत. ती कार्बनची, पातळ, गुलाबी. तिच्या पाठीवर माझ्या मुलीने शिडी काढली." तिने बाईंच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "बाई, तो कागद उलटा करा आणि खिडकीला लावा. वर पत्र धरा."

बाई उठल्या. काचेवर त्यांनी आधी गुलाबी कागद लावला, पावतीची बाजू खोलीकडे. त्यावर पत्र. उन्हात दोन्ही कागद उजळले.

सहीवर सही बसली. अक्षरावर अक्षर, रेघेवर रेघ. आणि रेघेखालचे दोन फराटे पाठीमागच्या शिडीच्या दोन पायांवर नेमके उभे राहिले.

बाईंनी दोन्ही कागद काचेवर तसेच दाबून धरले.

"मागून दिसणारे शिडीचे पाय सहीतलेच वाटले," ती म्हणाली. "उजव्या हाताची सही असती तर मुकादमांना त्या फराट्यांची शंका आली असती, ती त्यांनी चौदा वर्षं पाहिली होती. डाव्या हाताची कधी पाहिली नव्हती. सवय नसलेल्या हाताची सही, कशीही असणार, असं त्यांना वाटलं. आणि दोन सह्या इतक्या तंतोतंत कुणाच्याच येत नाहीत. शिकणाऱ्याच्या तर मुळीच नाहीत."

"पण सहीसाठी त्यांनी चित्र मागून नेलं?"

"नाही. नेलं ते सातव्या ओळीसाठी. छापखान्यातला कुठलाही माणूस तो गुलाबी रंग ओळखतो. तपासणीचं पत्र आल्यावर त्यांनी स्टोअरमध्ये पावती मागितली, मिळाली नाही. मग आमच्या कपाटावर ती दिसली. सही नंतर उपयोगी पडली."

बाईंनी पावती वाचली. सातवी ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. जाळीची किल्ली: नाही. मुकादमांकडे जमा, त्यांची चिठ्ठी कपाटात मिळाली. पुढे तारीख. अपघाताच्या सहा दिवस आधीची.

"किल्ली ज्याच्याकडे नव्हती, त्याने जाळी कशी उघडली?" बाईंनी विचारलं. प्रश्न नवऱ्याला नव्हता.

मुकादम टेबलाच्या कडेकडे बघत होता. मग हळूहळू सांगायला लागला, रविवारी डाव हरल्यावर बोलायचा त्याच आवाजात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचं काम तुंबलं होतं. दर गठ्ठ्याला जाळी लावायची, काढायची, वेळ जायचा. वरून रोज विचारणा. त्याने सगळ्या कटरांच्या किल्ल्या जमा करून घेतल्या आणि जाळ्या उघड्याच ठेवायला सांगितल्या. आठवडाभराचा प्रश्न होता. सहाव्या दिवशी हे झालं. अहवाल त्याने हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिला.

"मी त्याला परत घेणार होतो," तो म्हणाला. "खुर्चीसुद्धा ठरवून ठेवली होती."

"हा कागद तुमच्याकडे दोन महिने होता," बाई म्हणाल्या. "फाडून का नाही टाकला?"

त्याने बाईंच्या हातातल्या शिडीकडे पाहिलं.

"पोरीने दिलेलं होतं," तो म्हणाला.

बाईंनी लिहून घेतलं. अर्ज चालू राहील, अहवालाची आणि पत्राची वेगळी चौकशी होईल, असं त्या सांगत होत्या, तेवढ्यात भिंतीशी बसलेले अण्णा उठले. हाताशी मुकादमाचा खांदा होता, तो त्यांनी धरला नाही. भिंत धरूनच टेबलापाशी आले.

"माझ्या मुलाचा अर्ज अपंगत्वाचा आहे," ते म्हणाले. "तसंच लिहा. अपंगत्वाचा."

नवऱ्याने जबाबावर सही केली. कागद तिरपा धरून, सावकाश. खाली रेघ ओढली नाही.

*

पायऱ्या उतरताना तो तिला म्हणाला, "तुला वाटलं होतं ना, मीच पाठवलं?"

"हो," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"अडीच."

तो हसला. कितीतरी दिवसांनी. "आणि अण्णा?"

"त्यांना नको सांगू."

"त्यांना कळलंय," तो म्हणाला. पुढे दोन पायऱ्यांवर अण्णा एकटेच कठडा धरून उतरत होते, आणि त्यांचे कान अजून शाबूत होते.

घरी बिट्टीने पहिला प्रश्न विचारला तो शिडीचा. शिडी आता सरकारकडे जमा आहे, फाईलमध्ये, असं तिने सांगितलं. बिट्टीला ते फारसं पटलं नाही. सरकारला शिडी कशाला लागते? मग बिट्टीने दुसरी काढायला आईकडे कागद मागितला.

टेबलावर कागदांचा ढीग होता. तिने वरचा एक पाठकोरा उचलला, देण्यासाठी हात पुढे केला, आणि मागे घेतला. उलटा केला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, उजेडासमोर धरून बघितला.

मगच बिट्टीच्या हातात दिला.